लय शांत व्हतं

मागच्या श्रावणातली गोष्ट. रविवार होता, म्हणजे खडकवासला धरणाकाठी राहणारी माणसं ज्या दिवशी शक्यतो घराबाहेर पडत नाहीत तो वार. पण घरात लिंबं संपली होती, म्हणून मी चौपाटीपर्यंत चालत गेले. मावशींच्या हातगाडीपाशी एक तरुण जोडपं कांदाभजी खात उभं होतं. मागे मोटारींची रांग, हॉर्न, कुणाच्या तरी डिकीतून दणदणणारं गाणं, पाण्यात उतरलेल्या पोरांवर शिट्टी फुंकणारा पोलीस. त्या मुलीनं एका कानावर हात दाबून धरणाकडं पाहिलं आणि मित्राला म्हणाली, “लॉकडाउनमध्ये इथं कसलं शांत असेल ना! काय मस्त वाटत असेल.” मावशींनी झारा कढईच्या कडेवर आपटला, घाणा कागदावर उतरवला आणि मान वर न करता म्हणाल्या, “हां. लय शांत व्हतं. चूल बी शांत व्हती.”

मुलगी हसली. मावशीही हसल्या, गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं म्हणून. मी लिंबं घेऊन घरी आले, पिळली, सरबत केलं, तरी ते वाक्य काही खाली बसेना. कारण ती मुलगी जे बोलली ते माझ्याच मनातलं होतं. ते दिवस आठवले की मला आधी आजार आठवत नाही, मास्क आठवत नाहीत. आठवते ती शांतता. ती मला आवडली होती. आजही रविवारी संध्याकाळी दारापुढं मोटारी तुंबल्या की ती परत मिळावी असं वाटतं. हे चारचौघांत बोलायची सोय नाही, आणि मावशींसमोर तर नाहीच नाही.

आम्ही इथले नाही. नारायण पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला आणि नवऱ्याच्या हट्टापायी आम्ही गोऱ्हे बुद्रुकच्या बाजूला, रस्त्यापासून जरा आत, पाण्याच्या अंगाला घर बांधलं. गावठाणाबाहेरची थोडक्या घरांची वस्ती. निम्मी घरं एकाच भावकीची, दोन-तीन मासे धरणाऱ्यांची, बाकी आमच्यासारख्यांची, ज्यांना इथं कितीही वर्षं काढली तरी ‘पुण्यावाले’च म्हणतात. समोर पाणी, पाण्यापलीकडं एनडीएचं, म्हणजे लष्करी प्रबोधिनीचं जंगल, पाठीशी सिंहगड. सासूबाई आल्या दिवसापासून ओट्यावर पाण्याकडं पाठ करून बसतात, पैसे बुडवलेल्या माणसाची ओळख न दाखवावी तशा. त्याचं कारण पुढं येईल.

मार्च २०२० मध्ये, दुबईहून आलेल्या पुण्याच्या जोडप्याची बातमी आली तेव्हा चौपाटीवर उन्हाळ्याची तयारी चालली होती. मावशींनी सुट्ट्यांचा हंगाम धरून तेलाचे डबे आणि बेसनाची पोती भरून ठेवली होती. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी वस्ती अण्णा म्हणायची, शेजारीच कणसं भाजायचे. शेगडी, पंखा आणि लिंबाच्या फोडीनं लावलेलं तिखटमीठ. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. पोरांनी पत्र्याची पिंपं बडवली. तो आवाज पाण्यावरून जाऊन पलीकडच्या डोंगराला लागून परत आला, तेव्हा पोरांना त्याचीच गंमत वाटली आणि ती काळोख पडेपर्यंत बडवत राहिली. तिसऱ्या दिवशी देश बंद झाला. मावशींच्या गाडीवर निळी ताडपत्री चढली, सुतळीनं करकचून बांधली गेली, आणि बेसन घरातल्या पलंगाखाली गेलं.

मग गावानं रस्ता बंद केला. बाभळीच्या फांद्या आडव्या, दोन्ही बाजूंना डांबराची रिकामी पिंपं, मध्ये एक बांबू आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं: ‘बाहेरील व्यक्तीस प्रवेश बंद’. माझा नवरा बँकेत. बँका अत्यावश्यक, त्यामुळे तो रोज खाली पुण्यात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. खाली म्हणजे शहराकडं. इथं सगळे असंच म्हणतात. पेठा पत्रे ठोकून बंद झालेल्या, रोज संध्याकाळी आकड्यांची बातमी, आणि त्या पुण्यातून रोज येणारा हा एकटा माणूस. बांबूपाशी जी पोरं बसायची त्यातला एक आमच्याकडं सकाळी दूध घालायचा. तोंडाला रुमाल, हातात काठी. सकाळी “काका, आज अर्धाच लिटर आलंय” म्हणणारा हा पोरगा संध्याकाळी त्याच काकांना दहा हातांवर उभं करून विचारायचा, “काका, कुठं कुठं गेला व्हता?” नवरा आधी चिडला, मग मुकाट्यानं सांगायला लागला. गंमत म्हणजे त्याच दिवसांत बायकांच्या जनधन खात्यांत सरकारचे पाचशे रुपये यायचे होते. उलटतपासणी संपली की बांबूपलीकडून हळूच दुसरा प्रश्न यायचा, “काका, आयच्या खात्यावर पैसं पडलं का, तेवढं बघून सांगता का?” दुसऱ्या दिवशी नवरा खातं बघून यायचा, आणि पुन्हा त्याच बांबूपाशी थांबवला जायचा.

मला राग येत नव्हता. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. बांबूच्या आतल्या बाजूला मी होते.

आणि आत काय होतं! आमचा रस्ता पानशेतचा आणि सिंहगडचाही. तो इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. पहाटे पलीकडच्या जंगलातले मोर ओरडायचे आणि तो आवाज पाण्यावरून सरळ आमच्या स्वयंपाकघरात यायचा. एरवी तो वाटेतच कुठंतरी दुचाकीखाली जात असणार. एप्रिलमध्ये पाणी थोडं मागं सरकलं की काठाशी ओल्या गाळाची पट्टी उघडी पडते. तिथं टिटव्या, वंचक, धोबी. चौपाटीसमोरचा पाण्यातला खडक, ज्याच्यावर रविवारी फोटो काढायला रांग लागते, तो पाणकावळ्यांनी घेतला. पंख पसरून वाळत बसायचे, दुपारच्या दुपार. एका संध्याकाळी मी अगदी काठापर्यंत गेले तर पाण्याला वास येत होता. घाण वास नव्हे. गाळ, शेवाळ आणि मासळी मिळून येणारा, जुन्या हौदाजवळ यायचा तसला काहीसा. इतकी वर्षं इथं राहून तो मला माहीतच नव्हता, कारण चौपाटीवर वास येतो तो तळणीचा आणि पेट्रोलचा. रात्री सिंहगडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा तेवढा जागा. ओट्यावर बसलं की माशाची उडी ऐकू यायची आणि लांब कुणीतरी ट्यूबवर बसून जाळं टाकत असायचं, त्याच्या वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज. मी घरूनच पाठ्यपुस्तकांचं संपादन करते. ते काम आधीही घरूनच होतं, तेव्हाही चालू राहिलं. नवऱ्याचा पगार दर महिन्याला येत होता. शांततेला किंमत असते आणि ती आमच्या घरात दुसरं कुणीतरी भरत होतं, हे तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. तरी मी रोज संध्याकाळी काठावर जात होते.

जे बंद पडलं नाही ते पाणी. गावबंदी, जिल्हाबंदी, सगळ्या बंद्यांत धरणाचे पंप आणि कालवा चालू. खडकवासल्याचं स्वतःचं पाणी तसं थोडंच, जेमतेम दोन टीएमसी, म्हणजे दोन अब्ज घनफूट. पण पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी इथं येतं आणि इथूनच पुढं जातं. चारही धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास. त्यातलं पर्वतीला जाऊन शहराच्या नळांत येतं, आणि उन्हाळी आवर्तन सुटलं की कालव्यातून दौंड-इंदापूरपर्यंत. वस्तीतले एक आजोबा त्या दिवसांत भिंतीकडं बोट दाखवून म्हणायचे, “पाणी द्यायचं पुण्याला, आन रोग घ्यायचा पुण्याचा. ह्यो कुठला येव्हार?” शहरातली माणसं तेव्हा दिवसातून वीसदा हात धूत होती. ते पाणी कुठून येतं हे त्यांच्यापैकी कितीजणांच्या मनात येत असेल, कोण जाणे. इथं मात्र ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात थोडा माज होता, थोडी तक्रार.

सासूबाईंना पाण्याचं कौतुक सांगायला जाऊ नये. १२ जुलै १९६१ ला त्या शाळकरी मुलगी होत्या. सकाळी पानशेत फुटलं, त्या लोंढ्यापुढं १८७९ पासून उभं असलेलं हे आपलं खडकवासलाही टिकलं नाही, आणि दुपारपर्यंत नारायण पेठ पाण्याखाली. लकडी पुलावरून पाणी गेल्याच्या कथा पुण्यात घरोघरी आहेत, त्या सांगत नाही. सासूबाई दुसरंच सांगतात. पाणी उतरल्यावर वरच्या पेठांतल्या ओळखीच्या-अनोळखी घरांनी दारं उघडली. एका खोलीत चार-चार बिऱ्हाडं. ज्यांच्या घरी त्या होत्या तिथं आठवडाभर सगळ्यांना पिठलं-भात, आणि सोवळं-ओवळं पहिल्याच दिवशी वाहून गेलेलं. “तेव्हा संकट आलं आणि माणसं एकमेकांच्या घरात घुसली,” त्या म्हणायच्या. “आता संकट आलंय तर पोराला बांबूपाशी उभा करतायत.” मग थोडा वेळ गप्प राहून स्वतःचंच म्हणणं खोडायच्या. त्यांच्या आजीनं त्यांना प्लेगच्या गोष्टी सांगितलेल्या. प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७, रँड आणि चापेकर आठवतात, पण तो त्याच वर्षी येऊन गेला नाही. नंतरही कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा यायचा. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड उचलायचं आणि गावाबाहेर शेतात झोपडी बांधून राहायचं. “आजी सांगायची, झोपडीत काय मजा यायची म्हणे! शाळा नाही, अभ्यास नाही, चुलीवरच्या भाकऱ्या. घरातली दोन माणसं गेली त्या साथीत. पण आजी सांगायची ते मजेचंच.”

हे ऐकलं तेव्हा मला कुठंतरी सुटल्यासारखं झालं. म्हणजे हे आधीही झालेलं आहे.

मावशींच्या घरात मजा नव्हती. एप्रिल गेला, मे गेला. रेशनचा फुकट तांदूळ मिळायला लागला, माणशी पाच किलो, पण मीठ-मिरची, दूध, गॅस, गाडीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता हे तांदळात भागत नाही. सून खाली सोसायट्यांमध्ये धुणं-भांडी करायची. त्यांनी तिला ‘पुढच्या महिन्यात बघू’ सांगितलं, आणि तो पुढचा महिना दिवाळीनंतर आला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दिवसभर झाडं वाकत होती, धरणाला लाटा उठल्या, आणि दुपारी चौपाटीवरच्या टपऱ्यांचे पत्रे उडाले. मावशींची ताडपत्री आम्हाला दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेली दिसली. एक पत्रा पाण्यात गेला, तो अण्णांनी ट्यूबवरून जाऊन ओढून आणला. वीज नव्हती तेवढे दिवस त्या पत्र्याचे पोचे हातोडीनं काढत बसले. पलंगाखालच्या बेसनात तोवर अळ्या झाल्या होत्या. मावशींनी ते दोनदा चाळलं, उन्हात टाकलं आणि वस्तीत फोन फिरवले: रविवारी घरपोच कांदाभजी. आम्ही घ्यायचो. नेम मोडला नाही. पण सांगते, त्या भज्यांना चव नव्हती. तेच हात, तोच ओवा, सोबत तीच तळलेली मिरची, पण स्टीलच्या डब्यात झाकून आल्यानं ती घामेजलेली असायची. सासूबाई एकच खायच्या आणि म्हणायच्या, “चांगली आहेत हो,” आणि डबा परत देताना मी मावशींना तेच सांगायचे.

आषाढीला पालख्या चालत गेल्या नाहीत, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. तेच आजोबा, पाण्याचा येव्हार विचारणारे, दर वर्षी वारीला जाणारे. ते महिनाभर रोज सकाळी टाळ घेऊन वस्तीपासून धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. बांबूवरची पोरं त्यांना काही विचारायची नाहीत.

पावसाळ्यात धरण भरलं आणि पुणेकर आलेच. बंदी होती तरी आले. आधी भिंतीपाशी, मग आडवाटेनं, मग शनिवार-रविवार पोलीस उभे राहायला लागले, दंडाच्या पावत्या फाटल्या, काहींनी रस्त्यात उठाबशाही काढल्या. पोलिसांना चुकवून आलेल्या दोन पोरांनी मावशींच्या झाकलेल्या गाडीपाशी उभं राहून विचारलं, “मावशी, भजी नाही का?” तेव्हा त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना पोरांना हाकलायचं होतं आणि भजीही विकायची होती. आत जाऊन गॅस पेटवावा तर पोलीस, नाही म्हणावं तर हातचे पन्नास-साठ रुपये जाणार. “नाय म्हणले,” त्यांनी मला नंतर सांगितलं. “पर लय जीवावर आलं.” नंतर त्या शेजारच्यांच्या भातलावणीला रोजानं जायला लागल्या. वयाची साठी ओलांडलेली, आयुष्यभर उभ्यानं काम केलेलं. आता दिवसभर वाकून चिखलात. संध्याकाळी आमच्या ओट्यापाशी लांब उभ्या राहून कंबर दाबत बोलायच्या. आशाताई घरोघर ताप मोजत आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघत यायच्या, तेव्हा मावशी म्हणायच्या, “बोट राहू द्या, कंबर बघा.”

पहिली लाट आमच्या वस्तीत कुणाला फार लागली नाही. दुसरीनं अण्णांना नेलं.

एप्रिल २०२१. ताप, मग खोकला, मग चिमट्यावरचा आकडा उतरायला लागला. मुलगा रात्रभर फोनवर बेड शोधत होता. माझा नवराही त्याच्या ओळखी लावत होता. पहाटे खाली एका ठिकाणी जागा मिळाली. अण्णा स्वतःच्या पायांनी गाडीत बसले, जाताना काठावरच्या ट्यूबकडं बघून मुलाला म्हणाले, “हवा कमी झालीय, भरून ठेव.” नंतर दोन व्हिडिओ कॉल झाले, त्यातल्या दुसऱ्यात ते बोलले नाहीत. वैकुंठ स्मशानभूमीत सगळं उरकलं; मुलानं लांबून पाहिलं. माणूस वस्तीत परत आलाच नाही. धरणाकाठी दहावा झाला, मोजकी माणसं, सगळ्यांची तोंडं झाकलेली, गुरुजींचे मंत्र मास्कमधून गुरगुरल्यासारखे येत होते. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. झाकलेल्या गाड्यांच्या मागच्या बाजूला, पाण्यापासून थोडं वर, दगडावर पिंड ठेवला. आणि कावळा येईना.

चौपाटीवर कावळा येत नाही हे कुणी ऐकलंय का? एरवी हातातलं कणीस सांभाळावं लागतं. माणसं मागं सरली, वाट बघत राहिली. ऊन चढलं. मुलगा हात जोडून म्हणाला, “अण्णा, कर्ज फेडीन.” कावळा नाही. सून म्हणाली, “पोरांचं शिक्षण करू.” नाही. मावशी पुढं झाल्या, पदर सारखा केला, पिंडाकडं बघत म्हणाल्या, “गाडी बंद नाय ठेवणार. उघडलं की लगेच लावते. शेगडी बी लावते.” सगळ्यांनी झाडांकडं पाहिलं. मग ते वारकरी आजोबा आपल्या काठीवर रेलून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, “आरं, गाड्या बंद हायती. कावळं काय उपाशी बसत्यात व्हय हितं? गेल्यात खाली पुण्याला.” एकदोघं हसले आणि लगेच गप्प झाले. खरं तेच होतं. वर्षभर भजी नाही, कणसं नाहीत, फेकलेले कागद नाहीत. कावळ्यांनी कधीच ठिकाण बदललं होतं, आणि काठावर पाणकावळे आणि टिटव्या बघत फिरणाऱ्या मला ते लक्षात आलं नव्हतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि माणसं आंघोळीला पाण्यात उतरली.

त्या मे महिन्यातली अजून एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते. लस पुण्यातच बनत होती, मांजरीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण अठराच्या पुढच्यांना ती मिळायची मोबाइलवर नंबर लावून, आणि नंबर काही क्षणांत संपायचे. आमच्याकडं रेंजसाठी लोक बंधाऱ्यावर चढतात. झालं असं की खेड्यांतल्या केंद्रांवर शहरातल्या चटपटीत पोरांनी नंबर लावले आणि मोटारी घेऊन लस घ्यायला आले. गावातली पोरं दाराबाहेर. त्या रांगेत दूध घालणाऱ्या मुलाला कुणीतरी विचारलं, “तू इथलाच का?” तो मला सांगताना हसत होता. “काकू, मला म्हणत्यात तू इथलाच का!” काकांना रोज बांबूपाशी उभं करणारा हाच पोरगा. मी त्याला ते बोलून दाखवलं नाही. त्याच्या डोळ्यांतलं हसू बघून वाटलं, त्याचं त्यालाच आठवलं असावं.

निर्बंध उठले तशी मावशींनी गाडी लावली. नवी ताडपत्री, पोचे काढलेला तोच पत्रा, एका खांबाला चौकोनी ठिपक्यांचं पैसे घ्यायचं कार्ड, शेगडीवर आता सून. पहिला घाणा त्यांनी कागदावर घेऊन गाडीच्या छपरावर ठेवला. कावळे आले, अर्थातच आले. झुंबड करून आले. मावशींनी ढुंकूनही पाहिलं नाही, दुसरा घाणा सोडला. महिन्याभरात रस्ता पूर्वीसारखा तुंबायला लागला. पाणकावळ्यांचा खडक गेला. मोरांचा आवाज गेला, म्हणजे मोर ओरडत असतीलच, पोचत नाही एवढंच. मी रविवारी घराबाहेर पडणं बंद केलं. नवरा म्हणतो, एवढा त्रास होतो तर जाऊ या परत पेठेत. त्याला मी उत्तर देत नाही.

अलीकडं अतिक्रमणवाले अधूनमधून येतात. रस्ता अडतो, कचरा होतो, पाणी पिण्याचं आहे. यातलं एकही कारण खोटं नाही. माझीच कारणं आहेत ती. तरी परवा मावशी कोरे कागद आणि जुन्या पावत्यांची पिशवी घेऊन आल्या. “ताई, तुमी लिव्हण्यातल्या. एक अर्ज करून द्या जागेचा.” मी चहा टाकला, चष्मा शोधला. अर्ज म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, वाटलं होतं. ‘विषय’ लिहिला, ‘महोदय’ लिहिलं. बाहेर शनिवारच्या मोटारी तुंबल्या होत्या आणि कुणीतरी हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हतं. मावशी सांगत होत्या, मी कागदी भाषेत उतरवत होते: सदर ठिकाणी पर्यटकांची मोठी वर्दळ असून त्यावरच माझ्या कुटुंबाचा उदरनिर्वाह अवलंबून आहे. वर्दळ शब्द त्यांना आवडला. “मोठी लिहिली ना?” त्यांनी खात्री करून घेतली. मग व्यवसाय किती वर्षांपासून, या ओळीवर मी थांबले. त्या म्हणाल्या, पंचवीस. मी विचारलं, मधली दोन बंदची वर्षं धरायची की सोडायची?

“सोडायची कशापायी?” मावशी म्हणाल्या. “गाडी हितंच व्हती की झाकून. मी बी हितंच व्हते. धरा.”

धरली. त्यांनी खाली सही केली, अण्णांच्या नावासकट, आणि उरलेला चहा उभ्यानंच पिऊन निघाल्या. शनिवारची गर्दी होती, सून एकटी होती गाडीवर.